जखमेखाली शाबूत राहिलेला माग

शेळ्यांसाठी पाला तोडताना झाडावरून पडलेला आणि छातीमागील मणक्याला जबर मार बसलेला आमच्या ओळखीतील एक तरुण गेल्या पाच महिन्यांपासून सोलापुरात फिजिओथेरपी घेत आहे. परवा त्याच्या मामांनी मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. मेंदूवर आणि पाठीत बसवलेल्या उपकरणांच्या साहाय्याने, अनेक वर्षांपूर्वी पायांतील शक्ती गमावून बसलेला एक युरोपीय गृहस्थ आधार धरून चालत होता. मामांनी विचारले, "सर, हे यंत्र सोलापुरात कधी येईल? आणि ते येणारच असेल, तर तोवर पोराला व्यायामाने कशाला दमवायचे?"

ती चित्रफीत खरी आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांचा तो प्रयोग २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मामांच्या प्रश्नामागे मात्र एक समजूत दडलेली आहे आणि ती सुशिक्षितांमध्येही सर्रास आढळते. मेंदू हा मालक, मेरुरज्जू ही त्याची तार आणि पाय हे हुकमाचे ताबेदार. तार तुटली की हुकूम पोहोचत नाही, म्हणून नवी तार जोडेपर्यंत करण्यासारखे काही उरत नाही, अशी ही समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे, आणि उरलेला निम्मा भाग मला शरीरशास्त्रातील सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो.

प्रौढ माणसाचा मेरुरज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि साधारण करंगळीएवढा जाड असतो. मणक्यांच्या पोकळीतून उतरत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि त्यातून चेतांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. मेंदूकडून येणारे व मेंदूकडे जाणारे तंतू त्यात आहेतच. परंतु त्याच्या गाभ्यात, आडव्या छेदात फुलपाखरासारख्या दिसणाऱ्या करड्या भागात, चेतापेशींची दाट वस्ती आहे. नुसत्या तारेत अशी वस्ती कशाला असेल?

तान्ह्या बाळाला काखेत धरून त्याचे तळवे पाटावर टेकवले की ते एकापाठोपाठ एक पाऊल टाकू लागते, हे न्हाऊ घालणाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. त्या वयात मेंदूकडून पायांकडे येणारे मार्ग पुरते तयारही झालेले नसतात. दोन-एक महिन्यांत ही हालचाल दिसेनाशी होते. परंतु १९८४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशा बाळांचे पाय पाण्यात सोडून पाहिले, तेव्हा पावले परत आली. बाळ चालणे विसरले नव्हते, त्याचे पाय गुबगुबीत व जड झाले होते. आपल्या जिल्ह्यात दर आषाढीला दिसणारे दृश्यही आठवावे. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याचे चित्त अभंगात असते, हात टाळ वाजवण्यात गुंतलेले असतात आणि पाय कोसच्या कोस चालत राहतात. कोणता स्नायू कधी आवळायचा, याचा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही.

हे काम कोण करते, याचे उत्तर टी. ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९११ मध्ये दिले. मेंदूपासून मेरुरज्जू तोडलेल्या आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनांचे तंतूही कापलेल्या मांजरांमध्ये पायांचे स्नायू काही काळ चालण्याच्या लयीत आळीपाळीने आकुंचन पावतात, हे त्याने दाखवले. वरून हुकूम नाही, खालून खबर नाही, आणि तरीही लय आहे. तेव्हा ती लय मेरुरज्जूतच निर्माण होत असली पाहिजे. हा गृहस्थ पुढे आल्प्स पर्वतातील अवघड चढायांसाठी अधिक ओळखला गेला आणि त्याचे हे संशोधन जवळजवळ पन्नास वर्षे दुर्लक्षित राहिले. १९६० च्या दशकात स्वीडनमधील लुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा उजेडात आणले. आज चेतापेशींच्या या जाळ्याला 'लयजनक केंद्र' म्हणता येईल. पायांसाठीचे हे जाळे मुख्यतः मेरुरज्जूच्या कमरेच्या भागात असते.

सोलापूरकराला हे समजावण्यासाठी दूर जावे लागत नाही. चादरीवरची नक्षी कामगाराच्या डोक्यात नसते. ती जॅकार्डच्या, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राच्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. पुठ्ठ्यात जेथे भोक आहे तेथे उभा धागा उचलला जातो, नाही तेथे तो खालीच राहतो, आणि पुठ्ठ्यांची माळ फिरत राहिली की वेल, मोर, फूल ठरल्या क्रमाने उमटत जातात. कामगार माग सुरू करतो, बंद करतो, कांडी बदलतो, तुटलेला धागा जोडतो. कारखान्याच्या कचेरीपासून मागापर्यंतची फोनची तार तुटली, तर माग मोडत नाही. त्याला सुरू करायला सांगणारे कोणी उरत नाही, एवढेच. छातीच्या पातळीवर मेरुरज्जूला इजा झालेल्या माणसाच्या कमरेच्या भागात असाच एक शाबूत माग उभा असतो.

या मागाची रचना थोडी आतून पाहू. पाय उचलणाऱ्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशींचा एक गट आणि पाय ताठ करून भार पेलणाऱ्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशींचा दुसरा गट, असे दोन अर्धे भाग कल्पावेत. एक गट जागा झाला की दुसऱ्याला दाबून टाकतो. जागा असलेला गट काही वेळाने थकतो, त्याचा दाब ढिला पडतो आणि दबलेला गट उसळी घेऊन आता पहिल्याला दाबतो. दोन गटांच्या या झटापटीतून लय जन्माला येते. डाव्या व उजव्या बाजूंची अशी जाळी एकमेकांशी आडव्या तंतूंनी जोडलेली असतात, म्हणून एक पाय पुढे जात असताना दुसरा भार घेतो.

तथापि, लय म्हणजे चालणे नव्हे. खड्डा, चढ, ओली फरशी यांनुसार पावलाची वेळ बदलावी लागते आणि त्यासाठी पायांकडून खबर यावी लागते. आडवा धागा तुटला की यंत्रमाग आपोआप थांबतो, तशीच ही सोय आहे. यातील दोन खबरी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. एक खुब्याची : पाय शरीराच्या मागे पुरेसा ताणला गेला की खुब्याच्या पुढील स्नायूंतील संवेदक 'आता उचला' असा संदेश देतात. दुसरी भाराची : पोटरीच्या स्नायूवर वजन आहे तोवर त्यातील संवेदक 'अजून उचलू नका' असे सांगतात. मांजराचा मागचा पाय मागे जाऊच दिला नाही, तर पाऊल पुढे पडत नाही. पोटरीवरचा ताण काढला नाही, तरीही पडत नाही. १९९७ मध्ये सुझन हार्केमा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्यांच्या पायांत स्वेच्छेची हालचाल मुळीच उरलेली नाही अशा माणसांतही तळपायावरील भार वाढला की स्नायूंचा विद्युत प्रतिसाद त्या प्रमाणात वाढतो. इजेखालचा मेरुरज्जू भार 'ओळखतो', असा याचा अर्थ आहे.

येथे एका रासायनिक बाबीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. लयजनक जाळे आणि स्नायूंना चालवणाऱ्या पेशी यांना सतत 'तापलेले' ठेवण्याचे काम मेंदूच्या बुंध्यातून उतरणारे, सेरोटोनिन नावाचे रसायन सोडणारे तंतू करतात. इजेनंतर हा पुरवठा तुटतो आणि सुरुवातीला पाय पूर्ण लुळे पडतात. पुढील आठवड्यांत या पेशींवरील सेरोटोनिनचे काही ग्राहक (ते टिपणारे रेणू) सेरोटोनिन नसतानाही आपोआप कार्यरत राहू लागतात. पेशीच्या पटलातून आत शिरणारा कॅल्शियमचा प्रवाह एकदा सुरू झाला की रेंगाळतो, आणि चादर सरकण्यासारख्या क्षुल्लक स्पर्शानेही सगळा पाय झटका देऊन ताठ होतो. घरच्यांना वाटते, की पाय हलला, म्हणजे देव पावला; कोणी अंगारा लावतो, कोणी तेल जिरवणाऱ्याला बोलावतो. हे झटके म्हणजे मेंदूचा लगाम सुटलेल्या मेरुरज्जूची स्वतःची खळबळ आहे. त्यांत ना दैवी कृपा आहे ना बाहेरची बाधा, आणि स्वेच्छेची हालचाल परतल्याची खूणही त्यांत नाही. ते फार वाढले तर डॉक्टरांना सांगावे.

आता मामांच्या प्रश्नाकडे वळतो. १९८७ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे बार्बो आणि रोसिन्योल यांनी मेरुरज्जू पूर्ण तोडलेल्या प्रौढ मांजरांना नियमितपणे ट्रेडमिलवर चालवले, आणि काही आठवड्यांपासून काही महिन्यांत त्यांचे मागचे पाय स्वतःचे वजन पेलून पावले टाकू लागले. लॉस एंजेलिस येथील एजर्टन यांच्या प्रयोगशाळेने त्यापुढील गोष्ट दाखवली : ज्या मांजरांना केवळ उभे राहण्याचा सराव दिला ती उत्तम उभी राहिली, पण त्यांना नीट चालता येईना, चालण्याचा सराव दिल्यावर ती चालू लागली. मागाची उपमा येथे अपुरी पडते. जॅकार्डचे पुठ्ठे बदलायला कारागीर लागतो, मेरुरज्जू मात्र सरावाने आपली नक्षी स्वतः बदलतो. तो शिकतो, आणि जे करून घ्याल तेच शिकतो.

यावरून व्यायामाच्या खोलीतील एक बारीक गोष्ट फार मोठी ठरते. पॅरलल बारमध्ये, म्हणजे आधारासाठीच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, उभा केलेला रुग्ण पडण्याच्या भीतीने सगळे वजन तळहातांवर घेतो, खांदे वर चढवतो आणि कमरेत वाकून पाय फरफटत पुढे ओढतो. तो घामाघूम होतो, पाहणाऱ्याला व्यायाम जोरात चालला आहे असे वाटते. पण भाराची खबर पायांतून न जाता हातांतून गेलेली असते आणि पाय खुब्यातून मागे ताणला गेलेलाच नसतो. म्हणजे ज्या दोन खबरींवर माग चालतो त्या दोन्ही त्याला मिळालेल्या नसतात. म्हणूनच जाणता फिजिओथेरपिस्ट हातांवरचा भार हळूहळू कमी करतो, धड सरळ ठेवायला लावतो, पाय मागे पुरेसा जाईपर्यंत थांबतो आणि मगच तो उचलायला मदत करतो.

यासाठी रुग्णाला पट्ट्यांनी छताला टांगून ट्रेडमिलवर चालवण्याची पद्धत १९९० च्या दशकात जर्मनी, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत रुजली, आणि पुढे पाय हलवणारे यंत्रमानवही आले. परंतु २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, इजा होऊन आठ आठवडे उलटलेले नव्हते अशा १४६ रुग्णांची तुलना केली गेली. निम्म्यांना टांगून ट्रेडमिलवर आणि उरलेल्यांना साध्या जमिनीवर, तितक्याच निष्ठेने, १२ आठवडे चालवले. दोन्ही गटांच्या चालण्यात फरक आढळला नाही. सोलापूरसारख्या शहरासाठी ही बातमी त्या चित्रफितीइतकीच मोलाची आहे, असे मला मनापासून वाटते. पावलांची संख्या आणि त्यांची गुणवत्ता साध्या फरशीवरही मिळवता येते.

मग चित्रफितीतील पाठीतले उपकरण जे विद्युत उत्तेजन देते, ते काय करते? ते पाय हलवत नाही. मेरुरज्जूच्या मागील बाजूस बसवलेल्या पट्टीतून जाणारा प्रवाह मुख्यतः आत येणाऱ्या संवेदी तंतूंना चेतवतो आणि त्यांच्याद्वारे थंडावलेल्या जाळ्याला जागेपणाच्या उंबरठ्याजवळ आणतो. तपासणीत 'पूर्ण' ठरलेल्या, म्हणजे खाली हालचाल वा संवेदना न आढळलेल्या, इजेतही पुष्कळदा काही तंतू वाचलेले असतात. एरवी त्यांचा क्षीण संदेश ऐकू जात नाही. उंबरठा जवळ आला की तो पुरेसा ठरतो. २०११ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल येथे अशा उत्तेजनाने उभ्या राहिलेल्या पहिल्या रुग्णाने पट्टी बसवण्यापूर्वी २६ महिन्यांत चालण्याच्या सरावाची १७० सत्रे केली होती. २०१८ मध्ये त्याच गटाच्या चार रुग्णांपैकी दोघे उत्तेजन चालू असताना जमिनीवर चालू शकले. त्यांपैकी एकाला ८५ आठवड्यांत २७८ सत्रे लागली, आणि चौघांपैकी एकाचे खुब्याचे हाड सरावादरम्यान मोडले. लोझानच्या गटाने त्याच वर्षी दाखवले, की अखंड प्रवाहामुळे पायांकडून येणाऱ्या खबरी माणसात बुजून जातात, म्हणून प्रत्येक पावलाच्या वेळेशी जुळणारे उत्तेजन द्यावे लागते. २०२३ चा प्रयोग त्याच वाटेवरचा आहे. तेथे उत्तेजनाची वेळ रुग्णाच्या मेंदूतील संदेशांवरून ठरवली जाते. चित्रफितीत दोन मिनिटांचे चालणे दिसते, त्यामागचा सराव दिसत नाही.

सर्वांना सारखे यश मिळत नाही, हेही स्पष्ट लिहायला हवे. झाडावरून किंवा गच्चीवरून पडल्यावर पुष्कळदा पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावरचा मणका मोडतो आणि तेथे नेमका मागच चिरडला जातो. अशा रुग्णाचे पाय झटके न देता ढिले राहतात आणि त्याला बहुधा कॅलिपर व कुबड्यांचा मार्ग अधिक उपयोगी पडतो. २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका नियमानुसार, रुग्णाचे वय, मांडीच्या पुढील व पोटरीच्या स्नायूंची ताकद आणि मांडी व पाऊल यांवरील ठरावीक जागांची स्पर्शसंवेदना एवढ्यावरून पहिल्या पंधरा दिवसांतच पुढे चालता येण्याची शक्यता बऱ्याच अचूकपणे वर्तवता येते. डॉक्टर हातात कापूस घेऊन पुन्हा पुन्हा तपासतात, ते यासाठी. 'स्टेम सेल टोचल्या की पाय येतात' अशा जाहिरातींना मात्र भुलू नये. आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेरुरज्जूच्या इजेसाठी असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि या नावाखाली जमीन गहाण पडते.

चालण्याच्या ओढीने बाकीच्या गोष्टी मागे पडू नयेत. दर दोन तासांनी कूस बदलणे, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) स्वच्छता आणि हाडे ठिसूळ होत असल्याने उभे करताना घ्यायची काळजी, यांत चूक झाली तर सराव आठवडेच्या आठवडे बंद पडतो. पाठीवर एक जखम झाली की पॅरलल बार लांब राहतात.

मामांना मी सांगितले, की ते यंत्र उद्या आले तरी ते सराव झालेल्या पायांनाच उपयोगी पडेल. त्यांचा भाचा ज्या गटात मोडतो त्यात मलविसर्जनाच्या जागेची संवेदना शाबूत आहे आणि मांडीचा स्नायू थोडा आवळतो. तेव्हा चालण्याची आशा बाळगायला आधार आहे. सध्या त्याची थेरपिस्ट त्याला बार मुठीत धरू देत नाही, केवळ बोटे टेकवू देते. उजवा पाय मागे गेला की ती खुब्यावर हात ठेवून "थांब, अजून थोडा" म्हणते, आणि मग तो पाय उचलतो.