ट्रिगरफिश माजत नाही

क्रॉफर्ड मार्केटमधल्या एखाद्या दुकानात बोटभर लांबीचा क्लाऊन ट्रिगरफिश दिसला की पाय तिथेच खिळतात. काळं अंग, पोटावर टपोरे पांढरे ठिपके, पिवळेजर्द ओठ. पण हे पिल्लू वाढून अर्ध्या मीटरचं होतं आणि वाढता वाढता सोबतच्या माशांचे पर कुरतडू लागतं. मग लोक म्हणतात, मासा माजला. मला हे पटत नाही. तो जसं पोट भरतो, तसाच त्याचा स्वभाव घडला आहे.

प्रवाळखडकांवर त्याचं खाणं म्हणजे खेकडे, शिंपले, काटेरी समुद्री अर्चिन. अर्चिन खायची त्याची रीत बघण्यासारखी आहे. तोंडातून पाण्याचा जोरदार झोत सोडून तो अर्चिनला उलथा पाडतो आणि आखूड काट्यांची खालची बाजू फोडतो. डोळे तोंडापासून बरेच मागे आणि वर असल्यामुळे काट्यांपासून वाचतात. पाठीवर तर चक्क कुलूप आहे. धोका जाणवला की तो कपारीत शिरतो, पहिला जाड काटा ताठ करतो आणि त्यामागचा छोटा काटा त्याला अडवून धरतो. मग पुढचा काटा कितीही दाबा, हलायचा नाही. मागचा दाबला की झटकन मिटतो. म्हणूनच या माशाला जाळीने पकडू नये. काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो. प्लास्टिकच्या डब्यात अलगद वळवून घ्यावा.

कवच फोडणारा जबडा टँकमधली काचेची हीटर-नळी आणि वायरीही सोडत नाही. ही उपकरणं टँकखालच्या संपमध्येच, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीतच, ठेवावीत.

पूर्ण वाढलेल्या क्लाऊनला निदान सात-आठशे लिटरची टँक लागते. म्हणजे नुसतं पाणीच सात-आठशे किलो. काच, वाळू, खडक, स्टँड वेगळे. जुन्या चाळीतल्या लाकडी मजल्यावर हे वजन ठेवूच नये आणि फ्लॅटमध्येही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. पाणी चौपाटीवरून आणू नये: त्यात गाळ आणि सांडपाणी असतं, शिवाय पावसाळ्यात खारटपणा उतरतो. आरओच्या पाण्यात ॲक्वेरियमचं मीठ मिसळावं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. तापमान २४ ते २७ अंश हवं, त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यात चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि हा खादाड मासा अमोनियाही भरपूर सोडतो. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणू नये.

टँकमध्ये सोबतीला इतर मासे असतील तर ट्रिगरफिश सगळ्यांत शेवटी सोडावा. आधी आलेला ट्रिगरफिश सगळी टँक आपली हद्द समजतो. नारिंगी रेघांचा अनड्युलेटेड ट्रिगरफिश तर एकटाच ठेवलेला बरा.

पहिल्यांदाच पाळणाऱ्याला मी नायजर ट्रिगरफिश सुचवेन, निळा-जांभळा, लाल दातांचा. हा खडकावरच्या पाण्यात थव्याने राहून तरंगतं प्लवक, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, खातो, म्हणून बराच सौम्य असतो. टँक त्यालाही मोठीच हवी आणि कोळंबी, छोटे खेकडे सोबत ठेवू नयेत. बाजारातून आणलेलं माकूळ, कोळंबीचे तुकडे तो आवडीने खातो. अधूनमधून तिसऱ्या शिंपल्यासकट द्याव्यात, म्हणजे दातही झिजते राहतात.