'=' आणि '=&': पाच अधिक सात दहा कसे झाले?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका खोलीत आम्ही चार-पाच जण शनिवारी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड घेऊन बसतो. मे महिना, बाहेर पारा ४५ च्या आसपास, कूलर पूर्ण वेगात. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "दादा, पाच आणि सात मिळवले तर दहा येतात. ऑप्टिमायझेशन बंद केलं की बारा. मधे एक प्रिंट टाकला तरी बारा."

तिची इनलाइन असेंब्ली, म्हणजे सी कोडमध्येच लिहिलेल्या थेट प्रोसेसरच्या सूचना, दोनच ओळींची होती. पहिल्या ओळीत पहिला आकडा आउटपुट रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली आकडा ठेवायची छोटी जागा) मूव्ह करायचा, दुसऱ्या ओळीत दुसरा आकडा त्यात ॲड करायचा. सूचना दोन्ही बरोबर. चूक होती आउटपुटच्या कन्स्ट्रेंटमध्ये, म्हणजे तो कुठे ठेवायचा आणि कसा वापरायचा हे कंपायलरला सांगणाऱ्या खुणेत: तिथे नुसतं '=' होतं, हवं होतं '=&'.

'=' म्हणजे "इथे मी लिहिणार, जुनी किंमत मला नको." इतकं सगळे शिकतात. पण त्यासोबत जीसीसी हा कंपायलर आणखी एक गोष्ट गृहीत धरतो, आणि घोळ तिथेच होतो: तुमचा असेंब्लीचा तुकडा सगळे इनपुट वाचून संपवेल आणि मगच आउटपुट लिहील. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची पेटी रिकामी झाली की तीच पुन्हा भरायला घेतात, तसंच हे. इनपुटचं काम संपलंच आहे, तर त्याचंच रजिस्टर आउटपुटला का देऊ नये? कंपायलर तुमच्या असेंब्लीचा अर्थ लावत नाही. त्याला कळतात फक्त कन्स्ट्रेंट.

आता आउटपुटला दुसऱ्या आकड्याचं रजिस्टर मिळालं असं धरा. पहिल्या ओळीतच तिथला सात पुसला जातो आणि पाच बसतो. दुसरी ओळ "सात" समजून तोच पाच मिळवते. उत्तर दहा. उलट, आउटपुटला पहिल्या आकड्याचं रजिस्टर मिळालं असतं तर मूव्हने काहीच बिघडलं नसतं आणि उत्तर बारा आलं असतं. म्हणजे बरोबर उत्तर आलं म्हणून कोड बरोबर, असं म्हणता येत नाही. प्रिंट टाकल्यावर रजिस्टरांची वाटणी बदलली, एवढंच झालं. असे दोष मला सगळ्यात धोक्याचे वाटतात, कारण तपासायला गेलं की ते लपतात.

'=&' मधलं '&' सांगतं की या आउटपुटवर इनपुट वाचून संपायच्या आधीच लिहिलं जाईल, त्यामुळे कुठल्याही इनपुटचं रजिस्टर याला देऊ नका. याला अर्ली क्लॉबर म्हणतात. लिनक्सच्या ३२ बिट आर्म प्रोसेसरच्या कोडमध्ये ॲटॉमिक (मधे दुसऱ्या कुणाची लुडबुड चालणार नाही अशी) बेरीज बघा: लोड-एक्सक्लुझिव्ह (वाचून त्या पत्त्यावर नजर ठेवणं), बेरीज, स्टोअर-एक्सक्लुझिव्ह (मधे कुणी लिहिलं नसेल तरच लिहिणं), आणि स्टोअर फसलं तर पुन्हा पहिल्यापासून. मिळवायचा आकडा आणि पत्ता प्रत्येक फेरीत लागतात, पण निकालाचं रजिस्टर पहिल्याच सूचनेत लिहिलं जातं. शिवाय स्टोअर-एक्सक्लुझिव्हच्या यशापयशाचं रजिस्टर हे किमतीच्या किंवा पत्त्याच्या रजिस्टरपेक्षा वेगळंच लागतं. म्हणून तिथे रजिस्टरमधल्या दोन्ही आउटपुटना '=&' आहे.

तिचा पहिला उपाय होता '+'. बारा आले, पण त्याचा अर्थ वेगळा: "जुनी किंमतही मी वाचणार." तिच्या आउटपुटला जुनी किंमतच नव्हती, त्यामुळे कंपायलरला न भरलेला व्हेरिएबल वाचावा लागला. '+' ची खरी जागा म्हणजे एक्स८६ प्रोसेसरवरची रेप मूव्ह, म्हणजे मेमरीतला मजकूर एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नेणारी सूचना. ती चालताना मोजणीचं आणि दोन्ही पत्त्यांचं रजिस्टर बदलते. ते नुसते इनपुट म्हणून दिले तर कंपायलर पुढेही जुनीच किंमत धरून चालतो, आणि क्लॉबर यादीत (असेंब्ली आणखी कुठली रजिस्टरं बिघडवते त्या यादीत) टाकायला गेलं तर जीसीसी एरर देतो.

मग सगळीकडेच '&' का लावू नये? एकाच सूचनेचा तुकडा असेल आणि ती वाचून मगच लिहीत असेल, तर '&' मुळे एक रजिस्टर विनाकारण अडतं. ३२ बिट एक्स८६ वर सामान्य रजिस्टर आठच, त्यातला एक स्टॅक पॉइंटर. तिथे जागा संपून कंपाइलच होणार नाही, असंही घडू शकतं.

तिने '&' घातलं आणि कंपायलरने काढलेली असेंब्ली उघडली. तीन वेगळी रजिस्टरं दिसली. मग तिने त्याच फाइलमधले बाकीचे तुकडे एकेक करून वाचायला घेतले, प्रत्येक आउटपुटपाशी थांबून: याच्यावर पहिल्यांदा लिहिलं जातं तेव्हा कुठलं इनपुट वाचायचं राहिलंय?