गोव्यातील भाषा : राजभाषा आणि बोलभाषा

गोव्याची राजभाषा देवनागरी लिपीतील कोकणी आहे. सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने संमत केलेल्या राजभाषा कायद्यातली ही तरतूद. प्रत्यक्षात सरकारी फायली बहुतांशी इंग्रजीतच पुढे सरकतात.

फोंड्याकडच्या एखाद्या हिंदू लग्नघरात डोकावले की सगळा प्रकार कळतो. ‘जनेल उगड गो, गरम जाता’ असे आई लेकीला कोकणीत सांगते. त्यातले जनेल, म्हणजे खिडकी, पोर्तुगीज. पत्रिका मात्र छापायची ती मराठीत, ‘श्रीकृपेकरून’ या मायन्यासकट. आणि नवराबायकोच्या मिळकतीला लागू होणारा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला.

पोर्तुगीज १५१० मध्ये आले. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे आधी जिंकलेल्या भागांत, धर्मांतराचा जोर होता. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघातले इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते मराठी ओव्यांत. १६१६ मध्ये ते रोमी लिपीत छापले गेले. पाद्र्यांना लोकांची भाषा हवी होती, राज्यकर्त्यांना ती सलत होती. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले. फर्मान कागदावर राहिले. पोर्तुगीज रुजली ती वरच्या थरातल्या कुटुंबांत. बाकीचे ख्रिस्ती कोकणीच बोलत राहिले आणि ती रोमी लिपीत लिहू लागले. तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार याच परंपरेतला.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे भाग अठराव्या शतकात ताब्यात आले, तोवर धर्मांतराचा रेटा ओसरला होता. देवळे टिकली, त्यांच्याबरोबर मराठी कीर्तन-भजनही टिकले. आजही अभंग मराठीत रंगतो आणि तबलजीला ‘मात्शें सवकास’ (जरा सावकाश) असे कोकणीत बजावले जाते. बोलणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही. भांडण लागते ते राजकारणात.

१९६१ नंतर मराठी शाळा गावोगाव निघाल्या. महाराष्ट्रात विलीनीकरणाची बाजू १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांनी हरली, तरी कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद चालूच राहिला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला मान्यता दिली, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. राजभाषा कायद्यात देवनागरीच आहे, ही रोमी लिपीवाल्यांची तक्रार मात्र अजून मिटलेली नाही.

२०११ च्या जनगणनेत सुमारे दोनतृतीयांश लोकांनी मातृभाषा कोकणी सांगितली. मराठी आणि हिंदी प्रत्येकी दहा-अकरा टक्के. हे आकडे जपून वाचावेत. जनगणनेच्या रकान्यात मातृभाषा एकच मावते. वरच्या लग्नघरात ती कोणती लिहायची, यावर दोन भावांचे एकमत होईलच असे नाही.

पोर्तुगीज आता थोड्या घरांत उरली आहे. जमिनीचा जुना दस्त निघाला की मात्र तिची गाठ पडते: भाषांतर करणारा शोधावा लागतो. काही जुने कागद मोडीत असतात, मग मोडी वाचणारा.