सायनाइड विषबाधेवरील प्रतिविष उपचार

सायनाइडमुळे बंद पडलेले पेशींचे श्वसन पुन्हा सुरू व्हावे म्हणून तातडीने करावयाचे औषधोपचार. सायनाइड आयन पेशीतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमातील फेरिक लोहाला चिकटतो. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. नीलेतील रक्तही धमनीतल्यासारखे लालभडक दिसते आणि लॅक्टिक अम्ल झपाट्याने वाढते.

नायट्राइट व थायोसल्फेट या जोडउपचाराचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. अमिल नायट्राइटचा विषहारक गुण पेडिगो यांनी १८८८ मध्ये कुत्र्यांवर दाखवला. थायोसल्फेटचा गुण लांग यांनी १८९५ च्या सुमारास नोंदवला. दोन्ही औषधे एकामागून एक देण्याची पद्धत १९३३ च्या आसपास इंडियानापोलिस येथे के. के. चेन व सहकाऱ्यांनी आणि ब्वेनोस आइरेस येथे हुग यांनी स्वतंत्रपणे मांडली असे दिसते. रूढ झाले ते चेन यांचे नाव.

नायट्राइट नेमके कसे काम करते हाही वादाचा विषय आहे. जुन्या मतानुसार ते हीमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारे रूप) करते आणि त्यातील फेरिक लोह सायनाइडला एंझाइमापासून ओढून घेते. परंतु मेथिलीन ब्लू देऊन मेथेमोग्लोबिन होऊ दिले नाही, तरी प्राण्यांत नायट्राइटचा गुण टिकतो. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइडचा त्यात वाटा असावा, हे नवे मत अधिक ग्राह्य वाटते. थायोसल्फेटबद्दल असा वाद नाही : ऱ्होडनीज एंझाइम त्यातील गंधक सायनाइडला जोडते आणि तयार झालेले थायोसायनेट लघवीवाटे निघून जाते.

प्रौढांस सोडियम नायट्राइट ३०० मिग्रॅ. शिरेतून सावकाश व लगेच मागोमाग सोडियम थायोसल्फेट १२.५ ग्रॅ. देतात. आगीच्या धुरात सापडलेल्यांना मात्र नायट्राइट धोक्याचे. कार्बन मोनॉक्साइडने आधीच कमी झालेली रक्ताची ऑक्सिजनवहनक्षमता त्याने आणखी घटते. अशा वेळी हायड्रॉक्सोकोबालामिन बरे. अमेरिकेत २००६ मध्ये त्यास मान्यता मिळाली. प्रौढांची प्रारंभिक मात्रा ५ ग्रॅ., सुमारे १५ मिनिटांत शिरेतून. त्यातील कोबाल्ट सायनाइडला बांधतो आणि सायनोकोबालामिन, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वच, तयार होते. औषधाच्या गडद लाल रंगाने रुग्णाची त्वचा व लघवी कित्येक दिवस लाल राहते. रंगावर आधारलेल्या रक्ततपासण्याही त्यामुळे चुकतात, म्हणून रक्ताचा नमुना औषधाआधीच घेतलेला बरा. त्यासाठी औषध मात्र थांबवत नाहीत.

डायकोबाल्ट एडेटेट हे दुसरे कोबाल्टयुक्त प्रतिविष यूरोपात वापरात आले; पण शरीरात सायनाइड नसताना दिल्यास ते स्वतःच विषारी ठरते.