जोतिबाचा गुलाल फाईलमध्ये कुठं हरवला?

चैत्र यात्रेला माझा भाचा कॅमेरा घेऊन जोतिबाच्या डोंगरावर गेला होता. सासनकाठ्या, उधळलेला गुलाल, त्यात न्हालेली माणसं, सगळं त्यानं रॉ फाईलमध्ये टिपलं. घरच्या लॅपटॉपवर त्या फायली उघडेनात, म्हणून रात्री एका मोफत संकेतस्थळावर चढवून त्यांचे जेपेग, म्हणजे कुठंही उघडणारे नेहमीचे फोटो, करून घेतले. सकाळी म्हणाला, "मामा, गुलाल असा का दिसायलाय?" बघतो तर गुलालाच्या ढगाचा एक सपाट गुलाबी डाग झालेला, आणि सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो सोळाशेवर आलेला.

रॉ फाईल ही खरं तर मोजमापांची वही असते. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरच्या कुठल्या ठिपक्यावर किती उजेड पडला, एवढंच तिच्यात लिहिलेलं. या ठिपक्यांना रंग कळत नाही. म्हणून प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवतात. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ सालचं. २.४ कोटी पिक्सेलच्या सेन्सरवर १.२ कोटी ठिपके हिरव्याचे, साठ लाख लालचे, साठ लाख निळ्याचे. म्हणजे ठिपक्याला स्वतःचा एकच रंग ठाऊक, उरलेले दोन शेजाऱ्यांची मापं बघून हिशेबानं भरायचे. आपल्या फोटोतले दोन तृतीयांश रंग असे गणितातून आलेले असतात, याचं मला अजून नवल वाटतं.

हा हिशेब कसा करायचा, पांढरं कशाला म्हणायचं, उजेड किती चढवायचा, हे सगळं रॉपासून फोटो बनवताना ठरतं. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. गुलालाची खरी अडचण इथं आहे. त्यात लाल आधीच जबर, त्यावर पांढरा रंग जुळवताना लालचं माप आणखी गुणलं जातं. ते २५६च्या टोकाला टेकलं, की त्यावरच्या सगळ्या छटा एकच होतात. शिवाय आपला डोळा उजेडातला फरक बारीक टिपतो, रंगातला तितका नाही. त्याचा फायदा घेऊन जेपेग बहुतेक वेळा चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतं. एरवी ते खपून जातं. गुलालाच्या कडा मात्र फिसकटतात.

मग फोटो लहान का झाला? रॉ फाईलच्या पोटात कॅमेऱ्यानं पडद्यावर दाखवण्यापुरता बनवलेला एक जेपेग आधीच असतो. काही कॅमेऱ्यांत तो पूर्ण आकाराचा, काहींत छोटा. त्या संकेतस्थळानं रूपांतर केलंच नव्हतं, हा छोटा जेपेग तेवढा बाहेर काढून दिला होता.

ऑनलाइन रूपांतर वाईटच, असं मी म्हणणार नाही. काही संकेतस्थळं सगळं काम ब्राउझरमध्येच करतात, फाईल आपल्या संगणकाबाहेर जात नाही. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून बघावं. तरी काम झालं तर फाईल घरातच आहे. बाहेर जात असेल, तर तिच्याबरोबर फोटोची वेळ, बहुतेकदा कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, आणि जीपीएस चालू असेल तर ठिकाणही जातं. लग्नाबारशाचे फोटो चढवताना हे ध्यानात ठेवावं. जुन्या सॉफ्टवेअरला नवी रॉ उघडत नसेल, तर अडोबीचा २००४ सालचा डीएनजी हा रॉचाच प्रकार बरा, त्यात मोजमापं तशीच राहतात. मोठी छपाई करायची तर १६ बिटचं टिफ, म्हणजे जेपेगपेक्षा कितीतरी जास्त पायऱ्या ठेवणारी फाईल. रूपांतर कशातही करा, मूळ रॉ पुसू नका.

भाच्यानं पुसली नव्हती. आम्ही डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि तीच फाईल उघडली. उजेड खाली ओढला, लाल थोडा आवरला. डागाच्या जागी आधी गुलालाचे पदर उमटले, मग एका म्हाताऱ्या काठीवाल्याचा हात, आणि त्याच्या डोक्यावर हवेतच असलेले खोबऱ्याचे चार तुकडे.