रिबन की डायनॅमिक? जुना रेडिओ माइक हाती आला तर

जुना रेडिओ माइक म्हटला की जाळीचा जडशीळ ठोकळा डोळ्यांसमोर येतो, आणि दिसायला सारखे म्हणून सगळे एकाच जातीचे धरले जातात. जात ठरते ती जाळीच्या आत. आमच्या मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत ती ओळखता यायलाच हवी.

डायनॅमिकमध्ये पातळ पडद्याला तारेचं छोटं वेटोळं चिकटवलेलं असतं. आवाजाने पडदा हलला की वेटोळं चुंबकाच्या फटीत पुढेमागे होतं आणि वीज उमटते. 1939 सालचा शुअर कंपनीचा 55 हा माइक याच जातीचा. गडी दणकट, बरंच काही सोसतो.

रिबनमध्ये पडदा आणि वेटोळं असं वेगळं काही नसतंच. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चुण्या पाडलेली पट्टी सैलसर ताणलेली असते, तीच थरथरते. जाडी 2 मायक्रॉनच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. आपला केस तिच्या पंचवीसपट तरी जाड. आरसीए कंपनीचा 44 आणि बीबीसीच्या अभियंत्यांनी आखलेला 4038 हे माइक रिबनच.

आमच्या भजनी मंडळाकडे असा एक रिबन होता. एका गणपतीत कुणीतरी सवयीने जाळीला तोंड लावून ‘फू फू, हॅलो’ केलं. त्यानंतर बुवांचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा येऊ लागला. पट्टी ताणून लोंबली होती. फार वाईट वाटलं.

म्हणून जात ओळखायला फुंकर नाही आणि मल्टिमीटरही (वीज मोजायचं यंत्र) नाही, त्याच्या विजेनेही पट्टीला धक्का बसू शकतो. हेडफोन लावा आणि दोन-अडीच फुटांवरून बोलत माइकभोवती फिरा. पुढून-मागून सारखा आवाज आणि दोन्ही कुशींना जवळजवळ मुका, तर बहुतेक रिबन. मागून आवाज पडला किंवा चहूकडून सारखाच आला, तर बहुधा डायनॅमिक. आरसीए 77-डीएक्सवर दिशा बदलायची सोय असते, तिथे मात्र ही खूण फसते.

ती मुकी कूस भजनात सोन्यासारखी. बुवा आणि पेटी पुढे, कोरस मागे, पखवाज कुशीला. पखवाज आवाज गिळत नाही, आणि एरवी कानात घुसणारी झांज मऊ होऊन येते. बुवांना मात्र दोन फूट लांब बसवा, जवळ आले की खर्ज फुगतो. रिबनचा सिग्नल फार बारीक, 60 डेसिबलच्या पुढे वाढवावा लागतो, तेव्हा स्वस्त इंटरफेसची (माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीची) सळसळ ऐकू येईल. आणि केबलमधून माइकला वीज पाठवणारं 48 व्होल्टचं फँटमचं बटण आधी बंद करा. केबलमध्ये दोष असला तर डायनॅमिक बहुधा निभावून नेतो, पट्टीला मात्र झटका बसतो.

ठेवायचा तो उभाच, आडवा ठेवला तर पट्टी झोळ खाते. गंजक्या पत्र्याच्या पेटीत तर नकोच, चुंबक गंजाचे कण ओढून घेतो आणि ते फटीत अडकले की खरखर सुरू. वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला, आत सिलिका जेलची पुडी टाका. पिशवी काढताना हळू. झटक्याने ओढलीत तर तीही फुंकरच.