कायलोथोरॅक्स आणि घरचा आहार : पालकांसाठी माहितीपत्रक

नौपाड्यातील आमच्या दुकानात एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या मेदाम्लांचे खास तेल) किंवा मेदविरहित दुधाची पावडर घ्यायला येणाऱ्या पालकांच्या हाती रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड असते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : छातीत पाणी झाले, तर मुलाचे तूप का बंद केले?

जेवणातील स्निग्ध पदार्थांचा बराचसा भाग आतड्यातून थेट रक्तात न जाता लसिकेत, म्हणजे लसवाहिन्यांतून वाहणाऱ्या द्रवात (लिम्फ), मिसळतो. त्यामुळे दुधासारखा पांढरा झालेला हा द्रव, म्हणजेच काइल, पाठीच्या कण्याच्या पुढून वर जाणाऱ्या एका बारीक नलिकेतून मानेच्या डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत पोहोचतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत या नलिकेला इजा झाली, शिरांमधील दाब वाढला किंवा लसवाहिन्यांची रचना जन्मतःच सदोष असली, तर काइल फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत साचू लागतो; यालाच कायलोथोरॅक्स म्हणतात. उपाशी बाळाच्या छातीत पाणी काढण्यासाठी घातलेल्या नळीतून येणारे पाणी फिकट पिवळे असते आणि दूध पाजल्यावर तेच पांढरे दिसू लागते. त्या पाण्यातील ट्रायग्लिसराइडचे (एक प्रकारच्या मेदाचे) प्रमाण ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त आणि पेशींमध्ये लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ८० टक्क्यांहून अधिक असल्यास निदानाला बळकटी मिळते.

नळीने पाणी काढणे, गरज पडल्यास तोंडाने देणे थांबवून शिरेतून पोषण देणे, ऑक्ट्रिओटाइड हे गळती कमी करण्यासाठीचे औषध आणि त्यानेही गळती थांबली नाही तर शस्त्रक्रिया, हे सारे निर्णय डॉक्टरांचे आहेत. हे पत्रक फक्त स्वयंपाकघरापुरते आहे.

एमसीटी तेलातील ८ आणि १० कार्बनची मेदाम्ले लसिकेच्या वाटेने न जाता थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शोषली जातात, म्हणून मुलाला ऊर्जा मिळते आणि गळतीत भर पडत नाही. खोबरेल तेल त्याऐवजी चालेल का, असे कोकणातील आज्या हमखास विचारतात. ते चालत नाही, कारण त्यात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते व त्यातील बराच भाग लसिकेतूनच जातो. एमसीटी तेल फोडणीला वापरू नये. ते शिजलेल्या वरणभातात वरून मिसळावे, प्रमाण हळूहळू वाढवावे, अन्यथा पोट दुखते व जुलाब होतात. काही प्रकारचे प्लास्टिक या तेलाने मऊ पडते किंवा तडकते, म्हणून ते काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावे.

खरी चूक होते ती लहानसहान गोष्टींत. चमचाभर तुपात सुमारे ५ ग्रॅम स्निग्धांश असतो. शेंगदाण्याच्या कुटाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. घरी साय काढलेल्या दुधात स्निग्धांश उरतोच, आणि डबल टोन्ड दुधाच्या २०० मिलिलिटरमध्येही तो सुमारे ३ ग्रॅम असतो. घरातील सर्वांसाठीच्या आमटीतून मुलासाठी वाटीभर काढायची असेल, तर ती फोडणी घालण्यापूर्वी काढावी. बिस्किटांच्या पुड्यावरील आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका बिस्किटाचा, हेही पाहावे.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईने स्वतःचे तूप-तेल सोडल्याने दूध मेदविरहित होत नाही. काही रुग्णालयांत यंत्राने फिरवून आईच्या दुधातील मेद वेगळा काढतात, तेव्हा आईने दूध काढत राहणे महत्त्वाचे आहे.

हे पथ्य कायमचे नसते. शस्त्रक्रियेनंतर ते अनेक ठिकाणी सुमारे सहा आठवडे पाळायला सांगतात. मात्र आवश्यक मेदाम्ले एमसीटीतून मिळत नाहीत, तसेच अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांकडेही लक्ष द्यावे लागते, म्हणून ते स्वतःहून वाढवू किंवा थांबवू नये. आहारतज्ज्ञांची चिठ्ठी असल्याशिवाय आम्ही ही उत्पादने देत नाही. त्यावरून काही जण नाराज होतात, पण आमचा नाइलाज आहे.

ठाणे, कळवा आणि ऐरोली येथे माल घरपोच मिळतो. मुलाचा श्वास जलद चालू लागला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ताप आला किंवा ते खाईनासे झाले, तर आम्हाला फोन करण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.